खुर्ची गेली, खटला राहिला

मराठवाड्याने महाराष्ट्राला आजवर चार मुख्यमंत्री दिले. त्यातले दोन नांदेडचे आणि दोन लातूरचे. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण हे पितापुत्र नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर निलंग्याचे आणि विलासराव देशमुख बाभळगावचे. दोन वेळा तर लातूरच्या माणसाने राजीनामा दिला आणि त्या जागी नांदेडचा माणूस बसला. मार्च १९८६ मध्ये निलंगेकर गेले, शंकरराव आले. डिसेंबर २००८ मध्ये विलासराव गेले, अशोकराव आले. विलासराव मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पायउतार झाले, तो विषय वेगळा. निलंगेकर आणि अशोक चव्हाण यांना मात्र गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे जावे लागले आणि दोन्ही प्रकरणे न्यायालयात गेली.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली आणि त्यांच्याआधीच्या अंतुले प्रकरणाची जोड दिली, की गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा एक हिशेब समोर येतो. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्याची खुर्ची जायला काही महिने पुरले. त्याने गुन्हा केला की नाही, हे ठरवायला मात्र वर्षानुवर्षे अपुरी पडली. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवकांवरचे खटले लवकर चालवण्याचे आदेश पुन्हा पुन्हा दिले. त्यातले काही आदेश न्यायालयालाच मागे घ्यावे लागले. ही हकिगत त्या आदेशांची आहे.

चार दिवसांचे अंतर

२७ ऑगस्ट १९८१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबादला कामकाज सुरू झाले. तोवर नांदेड-लातूरच्या पक्षकाराला उच्च न्यायालयाची पायरी चढायची तर मुंबई गाठावी लागत होती. मराठवाड्याची ही मागणी जुनी होती आणि ती पूर्ण झाली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते अब्दुल रहमान अंतुले. त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख छापून आला. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते, टंचाई होती आणि बांधकाम करणाऱ्यांना कोट्याशिवाय पोती मिळत नव्हती. अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला आणि इतर न्यासांना देणग्या द्यायच्या आणि त्या बदल्यात कोटा मिळवायचा, असा व्यवहार चालल्याचा तो आरोप होता.

त्यातून दोन वाटा फुटल्या. एक रिट याचिकेची, दुसरी फौजदारी फिर्यादीची.

पहिली वाट पी. बी. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. बख्तावर लेंटिन यांच्यापुढे याचिका चालली आणि १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल लागला. देणगी आणि सिमेंट यांचा संबंध न्यायालयाने मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. लेख छापून आल्यापासून साडेचार महिन्यांत मुख्यमंत्री बदलला.

दुसरी वाट भाजपचे नेते रामदास नायक यांची. सप्टेंबर १९८१ मध्येच त्यांनी राज्यपालांकडे खटल्यासाठी मंजुरी मागितली आणि मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल केली. पहिल्याच पायरीवर उत्तर मिळाले, की आरोपी लोकसेवक आहे, तेव्हा आधी मंजुरी आणा. राज्यपालांनी मंजुरी दिली ती जुलै १९८२ मध्ये, म्हणजे अंतुले पायउतार होऊन सहा महिने झाल्यावर, आणि तीही काही आरोपांपुरतीच. ऑगस्टमध्ये नायकांनी विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद दाखल केली. त्यावर वाद निघाला, की भ्रष्टाचाराच्या खटल्यात खाजगी माणसाची फिर्याद चालते का? उच्च न्यायालयाने ‘चालते’ म्हणून सांगितले. मग पुढचा वाद निघाला. अंतुले आता मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत. आमदार हा लोकसेवक असेल तर मंजुरी विधानसभेची हवी. विशेष न्यायाधीशांनी हे मान्य करून जुलै १९८३ मध्ये अंतुले यांना दोषमुक्त केले. सिमेंट आणि देणग्या यांबद्दल एकाही साक्षीदाराचा जबाब अजून झालेला नव्हता.

घाईचा पहिला आदेश

नायक सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन्ही वाद निकाली काढले. खाजगी फिर्याद चालेल. आमदार हा दंडविधानाच्या अर्थाने लोकसेवक नाही. शिवाय ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद आरोपीने सोडले असेल तर मंजुरीची गरज नाही. निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांचे होते. त्यात एक आदेश असा होता, जो मागायला कोणी आले नव्हते. अडीच वर्षे वाया गेली, आता उशीर नको, म्हणून खटला विशेष न्यायालयाकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे द्यावा आणि तिथल्या न्यायमूर्तींनी तो रोजच्या रोज चालवावा.

हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. उच्च न्यायालयाने काम हातात घेतले आणि खरोखरच वेगाने नेले. फिर्यादीच्या बाजूने ५७ साक्षीदार तपासले गेले. काही आरोप निश्चित करायला न्यायमूर्तींनी नकार दिला तेव्हा नायक पुन्हा दिल्लीला गेले, एप्रिल १९८६ मध्ये तो नकार रद्द करून आणला आणि जुलै १९८६ मध्ये ७९ आरोप निश्चित झाले. आता फक्त निकालाकडे जायचे, असे वाटण्याजोगी स्थिती होती.

तेव्हा अंतुले यांनी १९८४ च्या आदेशालाच हात घातला. १९५२ च्या कायद्याप्रमाणे असे खटले फक्त विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे असतात. मग सर्वोच्च न्यायालयाने आपल्या मनाने ते उच्च न्यायालयाकडे कसे दिले? आणि उच्च न्यायालयातच पहिला निकाल लागणार असेल तर आरोपीची अपिलाची एक पायरी गेली नाही का? सात न्यायमूर्तींच्या पीठाने २९ एप्रिल १९८८ रोजी बहुमताने हे म्हणणे मान्य केले. प्रमुख निकालपत्र न्या. सब्यसाची मुखर्जी यांचे होते. न्यायालयाच्या चुकीने कोणाचे नुकसान होता कामा नये, हे सूत्र धरून न्यायालयाने आपलाच आदेश मागे घेतला. उच्च न्यायालयातली चार वर्षांची कार्यवाही बाजूला पडली आणि खटला पुन्हा विशेष न्यायाधीशांकडे, म्हणजे १९८२ मध्ये होता तिथे, येऊन उभा राहिला.

उशीर टाळण्यासाठी दिलेल्या आदेशानेच चार वर्षे खाल्ली. कायद्याची चाकोरी सोडून कोणा एका आरोपीसाठी वेगळा रस्ता काढला, की तो रस्ता हाच पुढे बचावाचा मुद्दा होतो. हा धडा १९८८ मध्ये मिळाला. तो शिकायला मात्र पुढची पस्तीस वर्षे लागली.

निलंग्याचे गुणपत्रक

अंतुले खटला उच्च न्यायालयात चालू असतानाच मराठवाड्याच्या वाट्याला दुसरे प्रकरण आले. लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. तीनच वर्षांत, जून १९८५ मध्ये, या नव्या जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाची एम.डी.ची परीक्षा झाली. परीक्षार्थींमध्ये मुख्यमंत्र्यांची कन्या होती. निकाल लागल्यावर एका नापास डॉक्टरने, महेश गोसावी यांनी, उच्च न्यायालयात याचिका केली. मुख्यमंत्र्यांच्या मुलीला उत्तीर्ण करण्यासाठी गुणपत्रकातल्या श्रेणी बदलल्या गेल्या, असे त्यांचे म्हणणे होते.

न्या. पेंडसे यांनी खाडाखोड झाल्याचे मान्य केले आणि ती मुख्यमंत्र्यांसाठी झाल्याचा निष्कर्ष काढला. निलंगेकरांनी मार्च १९८६ मध्ये राजीनामा दिला. अपिलात खंडपीठाने मुख्यमंत्र्यांविरुद्धचा थेट निष्कर्ष टिकू दिला नाही, पण परिस्थिती संशय घेण्याजोगी असल्याचा शेरा मारला. तो शेरा पुसून घेण्यासाठी निलंगेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले आणि सार्वजनिक जीवनातल्या घसरणीबद्दल कडक शब्द ऐकवले. हे निकालपत्रही न्या. सब्यसाची मुखर्जी यांचेच. सार्वजनिक जीवन स्वच्छ व्हावे म्हणणारे आणि दीड वर्षाने अंतुले यांना अपिलाची पायरी परत मिळवून देणारे न्यायमूर्ती एकच होते. त्यात विसंगती नाही. आरोपी कितीही मोठा आणि लोकांचा राग कितीही रास्त असला तरी खटला कायद्यानेच चालला पाहिजे, हा दोन्हीकडचा समान धागा आहे.

ऑक्टोबरमधली परीक्षा आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांत चौदा महिन्यांचे अंतर आहे. तीन पायऱ्या चौदा महिन्यांत. त्याच काळात शेजारच्या दालनात अंतुले यांचा खटला पाचव्या वर्षात होता.

हा फरक न्यायाधीशांच्या कार्यक्षमतेचा नव्हे, वाटेचा आहे. रिट याचिकेत मंजुरी लागत नाही, उलटतपासणी नसते, प्रतिज्ञापत्रांवर काम भागते आणि न्यायालय संभाव्यतेच्या तराजूवर मत देते. त्यातून आदेश रद्द होतो, शेरा मारला जातो, खुर्ची जाते. तुरुंग मिळत नाही आणि निर्दोषपणाही मिळत नाही. निलंगेकरांच्या माथी शेरा राहिला. गुन्ह्याच्या कसोटीवर त्यांची बाजू कधी तपासली गेली नाही. शंकरराव चव्हाण केंद्रातले गृहमंत्रिपद सोडून मुंबईत आले आणि राज्यकारभार पुढे चालू झाला. लोकांच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते.

मुदतीचे अपत्य

अंतुले प्रकरण पुन्हा एकदा घटनापीठापुढे आले. आता अंतुले यांचीच मागणी होती, की इतकी वर्षे झाली, त्वरित सुनावणी हा माझा हक्क आहे, तेव्हा खटलाच रद्द करा. बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात, १९७९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये असल्याचे सांगितले होते. गरीब कैद्यांसाठी सांगितलेला हक्क आता माजी मुख्यमंत्री मागत होता. डिसेंबर १९९१ च्या निकालात घटनापीठाने हक्क सर्वांचा असल्याचे मान्य केले आणि त्याची अकरा सूत्रे मांडली. उशीर कोणामुळे झाला ते पाहा. आरोपीनेच अर्जामागून अर्ज करून वेळ काढला असेल तर त्याचा फायदा त्याला देऊ नका. न्यायालयांवरचा बोजाही लक्षात घ्या. सर्व खटल्यांना एकच मुदत लावता येत नाही. अंतुले यांचा खटला रद्द करायला न्यायालयाने नकार दिला. फिर्यादीला तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती.

फिर्यादी रामदास नायक यांची ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्याला भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. अंतुले १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले.

मुदत लावता येत नाही, हे घटनापीठाचे म्हणणे लहान पीठांना पटले नाही. १९९८ मध्ये राजदेव शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या. आरोप निश्चित झाल्यापासून ठरावीक काळात, म्हणजे सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत दोन वर्षांत, फिर्यादी पक्षाचा पुरावा संपला पाहिजे. ऐकायला रास्त वाटते. पण त्याचा परिणाम मंगळुरात दिसला. महापालिकेच्या एका विद्युत अधीक्षकावर उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेचा खटला होता. दोन वर्षांत साक्ष सुरूच झाली नाही, म्हणून विशेष न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडून दिले. साक्षीदार बोलावण्याची जबाबदारी सरकारची, तारखा देण्याची न्यायालयाची आणि दोघांच्या ढिलाईचा लाभ आरोपीला. शेवटी १६ एप्रिल २००२ रोजी पी. रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींनी या मुदती मोडीत काढल्या.

तिसऱ्यांदा हेच २०१८ मध्ये झाले. दिल्ली महापालिकेशी संबंधित भ्रष्टाचाराच्या एका खटल्यात, एशियन रिसर्फेसिंग प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खटल्याला दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल. देशभर या एका वाक्यावर स्थगित्या उठल्या. ज्यांची काही चूक नव्हती, ज्यांचा अर्ज केवळ न्यायालयाला वेळ नाही म्हणून ऐकला गेला नव्हता, त्यांच्याही उठल्या. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हाही आदेश रद्द केला.

घाईचे तीन मोठे आदेश आणि तिन्ही मागे. उशिराचे मूळ प्रत्येक खटल्यात वेगळे असते. मंजुरी, फितुरी, रिकामी न्यायाधीशपदे, न्यायवैद्यक अहवाल, आरोपीचे अर्ज. या सगळ्यांवर दिल्लीतून एकच मुदत घातली की ती मुदत ज्याच्या सोयीची असते तो ती वापरतो.

आदर्शचा उंबरठा

कुलाब्याची ‘आदर्श’ ही एकतीस मजली इमारत २०१० मध्ये राज्याच्या राजकारणावर कोसळली. लष्करी आणि माजी लष्करी लोकांसाठी म्हणून आलेल्या सोसायटीत बाहेरचे सभासद कसे आले, चटईक्षेत्र कसे वाढले, परवानग्या कशा मिळाल्या, असे प्रश्न होते. अशोक चव्हाण महसूलमंत्री आणि नंतर मुख्यमंत्री असताना काही निर्णय झाले होते आणि त्यांच्या नातेवाइकांच्या नावे तिथे सदनिका होत्या. त्या बदल्यात निर्णय झाले, हा आरोप चव्हाणांनी नाकारला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. बातम्या सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत खुर्ची गेली होती.

२९ जानेवारी २०११ रोजी सीबीआयने गुन्हा नोंदवला. तपास रेंगाळतो म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या आणि न्यायालयाने सीबीआयला वारंवार फटकारले. मार्च २०१२ मध्ये अटका झाल्या. पण साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही आणि मे महिन्यात अटकेतले आरोपी कायद्याप्रमाणे जामिनावर बाहेर पडले. दोषारोपपत्र आले ते जुलै २०१२ मध्ये, तेरा जणांविरुद्ध.

त्याच सुमारास राज्य सरकारने नेमलेला न्या. जे. ए. पाटील आयोग काम करत होता. आयोगाच्या अहवालात चार माजी मुख्यमंत्र्यांच्या नावे ठपका आला. विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, अशोक चव्हाण आणि महसूलमंत्री म्हणून शिवाजीराव पाटील निलंगेकर. चौघांतले तिघे नांदेड-लातूरचे. विलासराव तोवर हयात नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने हा अहवाल आधी फेटाळला आणि पुढच्या महिन्यात, टीका वाढल्यावर, काही अंशी स्वीकारला.

चव्हाणांवरचा खटला मात्र मंजुरीपाशी अडला होता. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी मंजुरी नाकारली. मग सीबीआयनेच त्यांचे नाव वगळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. जानेवारी २०१४ मध्ये विशेष न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. तपास यंत्रणा म्हणते आरोपी वगळा आणि न्यायालय म्हणते वगळता येणार नाही, असा हा उलटा प्रसंग. सरकारे बदलली. सीबीआयने पुन्हा मंजुरी मागितली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ती दिली. त्याला चव्हाणांनी आव्हान दिले. २२ डिसेंबर २०१७ रोजी न्या. रणजित मोरे आणि न्या. साधना जाधव यांच्या खंडपीठाने मंजुरी रद्द केली. एकदा नाकारलेली मंजुरी पुन्हा द्यायची तर नवा आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा लागतो. तो सीबीआयकडे नाही आणि आयोगाचा अहवाल म्हणजे पुरावा नव्हे, असे खंडपीठाने सांगितले.

निकाल कायद्याला धरून आहे. पण सात वर्षांत वाद झाला तो एवढाच, की खटला चालवायची परवानगी आहे की नाही. अशोक चव्हाण दोषी ठरले नाहीत आणि साक्षीपुराव्यानंतर निर्दोषही ठरले नाहीत. ते २०१४ मध्ये नांदेडमधून खासदार झाले, काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. ज्यांनी आरोप केले आणि ज्यांनी बचाव केला, त्या दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे सोयीप्रमाणे वापरता आले, कारण न्यायालयाचे म्हणणे कधी आलेच नाही.

तलाठ्याचीही तीच गत

हे मोठ्यांपुरते आहे असे समजू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या नांदेड परिक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. तिथले बहुतेक गुन्हे सापळ्याचे असतात. फेरफाराची नोंद घेण्यासाठी कोणी पैसे मागितले, की तक्रारदार १०६४ वर फोन करतो किंवा कार्यालय गाठतो. आधी मागणीची पडताळणी होते. आवाज नोंदवणारे यंत्र देऊन त्याला पुन्हा बोलायला पाठवतात आणि सोबत पंच असतो, तोही बहुधा दुसऱ्या खात्याचा कर्मचारी. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात, नोटांना अँथ्रासीनची पावडर लावतात. ही पावडर साध्या उजेडात दिसत नाही. पैसे घेतल्याचा इशारा झाला, की पथक आत शिरते आणि अतिनील दिव्याखाली घेणाऱ्याची बोटे निळसर चमकतात. खिशाचे अस्तर चमकते, नोटा ठेवलेली वही चमकते.

इथवरचे काम एका दिवसाचे. पुढे त्या नोकराला कामावरून काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कागद खालून वर आणि वरून खाली फिरतो. मंजुरी येते तेव्हा अधिकारी बदललेला असतो. खटला उभा राहतो तेव्हा पंच निवृत्त झालेला असतो. तक्रारदाराचा फेरफार कधीच झालेला असतो आणि गाव एकच असल्याने तो साक्षीत ‘मला आठवत नाही’ म्हणतो. बोटे चमकल्याचा कागद उरतो, पण पैसे मागितले होते हे सांगणारे कोणी उरत नाही. ही फितुरी इतकी ठरून गेली होती, की नीरज दत्ता प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाला सांगावे लागले, की तक्रारदार मेला किंवा उलटला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते. मंजुरीत खोट निघाली तर आणखी वेगळी गोष्ट. २०१५ च्या नंजप्पा प्रकरणाप्रमाणे चुकीच्या मंजुरीवर चाललेला खटला हा खटलाच नव्हे. शिक्षा टिकत नाही आणि निर्दोषत्वही मिळत नाही. वाटले तर सरकारने नव्याने सुरुवात करायची.

निलंबित तलाठी तोवर निर्वाहभत्त्यावर असतो किंवा कामावर परतलेला असतो. तो लाचखोर असेल तर सुटण्याच्या आशेवर जगतो आणि निर्दोष असेल तर बढती, निवृत्तिवेतन आणि गावातली मान यांची वाट पाहत म्हातारा होतो.

दारावरची मुदत

गेल्या काही वर्षांत बदल झाले ते दारापाशी. ३१ जानेवारी २०१२ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत, फार तर चार महिन्यांत व्हावा, हा मुद्दा पुढे आणला. २०१८ च्या दुरुस्तीने तो भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आला आणि खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, लागल्यास कारणे नोंदवून मुदत वाढवावी, पण एकूण चार वर्षांच्या पुढे नेऊ नये, असेही कायदा म्हणू लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने आणखी एक पाऊल टाकले. सरकारने १२० दिवसांत मंजुरीवर निर्णय घेतला नाही तर ती दिली असे मानले जाईल. नायकांनी मंजुरीसाठी वाट पाहिली ती सुमारे अकरा महिने.

आमदार-खासदारांच्या खटल्यांबाबत अश्विनी उपाध्याय यांची याचिका २०१६ पासून चालू आहे. न्यायालयाचे सल्लागार विजय हंसारिया यांनी २०२२ च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालाप्रमाणे डिसेंबर २०२१ मध्ये देशात असे ४,९८४ खटले प्रलंबित होते आणि त्यातले १,८९९ पाच वर्षांहून जुने होते. २०१४ मध्ये एका वर्षात खटले संपवण्याचा आदेश झाला होता, त्यानंतरची ही स्थिती. ९ नोव्हेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवी मुदत घातली नाही. प्रत्येक उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण नोंदवून या खटल्यांवर लक्ष ठेवावे, जिल्हा न्यायाधीशांकडून अहवाल घ्यावेत आणि गंभीर गुन्हे आधी चालवावेत, असे सांगितले. चाळीस वर्षांच्या अनुभवाने न्यायालय एवढे शिकले, की घड्याळ दिल्लीत लावून भागत नाही, त्यावर नजर जिल्ह्यात ठेवावी लागते.

कायद्यातल्या मुदती चांगल्या आहेत, पण त्या पाळल्या गेल्या की नाही हे विचारणारे कोणीतरी लागते. अंतुले खटला दहा वर्षे जिवंत राहिला तो नायकांच्या चिकाटीवर आणि आदर्शचा तपास हलला तो याचिकाकर्त्यांच्या रेट्याने. नांदेड-लातूरच्या मतदाराच्या हातातही एक कागद असतो. निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात आपल्यावरचे फौजदारी खटले लिहावे लागतात आणि आरोप निश्चित झाले असल्यास ती तारीखही द्यावी लागते. पुढच्या निवडणुकीत ते शपथपत्र उघडा तेव्हा नुसती खटल्यांची संख्या मोजू नका. आरोपनिश्चितीची तारीख पाहा. ती जुनी असेल किंवा रकाना कोरा असेल, तर प्रचाराला दारी आलेल्या उमेदवाराला विचारा: हा खटला कोणी अडवला आहे? आणि त्याच्यावर आरोप करणाऱ्या दुसऱ्या उमेदवारालाही विचारा: तुम्ही सत्तेत होता तेव्हा तो का चालवला नाही?